अल्लाहवरचं प्रेम सगळ्या प्रेमांच्या वर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत मराठी बोलणारे मुसलमान पुष्कळ आहेत. कोकणातून आलेली घरं तर कित्येक पिढ्या इथलीच झाली आहेत. तरी दीनविषयी (धर्माविषयी) वाचायचं म्हटलं की हातात बहुतेक वेळा उर्दू पुस्तक येतं, आणि आजच्या मुलांना ती लिपी वाचता येत नाही. मराठीतून कुराण समजून घ्यायला बसणाऱ्या मंडळींकडून, फोनवर, व्हॉट्सॲपवर या एका विषयावर प्रश्न येतच राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. कंसातला पहिला आकडा सूरहचा (कुराणातल्या अध्यायाचा), दुसरा आयतीचा (त्यातल्या वचनाचा). नावापुढचे (स.) आणि (र.) हे आदराचे, दुआचे संक्षेप; (र.) प्रेषितांच्या सोबत्यांसाठी. ही उत्तरं म्हणजे फतवा नाही. तलाक, वारसा, कर्ज अशी घरातली गुंतागुंत असेल तर जाणत्या आलिमसमोर (धर्माच्या अभ्यासकासमोर) बसूनच विचारा.

१. अल्लाहवर सगळ्यात जास्त प्रेम करायचं, म्हणजे आई-वडील आणि मुलांवर कमी करायचं का?

नाही. सूरह बकरामध्ये (२:१६५) म्हटलंय की ईमानवाल्यांचं (श्रद्धा ठेवणाऱ्यांचं) अल्लाहवरचं प्रेम सगळ्यांत बळकट असतं. बाकीची प्रेमं मनातून काढून टाका, असं तिथे कुठेच नाही. उलट ‘फक्त त्याचीच इबादत (उपासना) करा’ असं सांगून झाल्याबरोबर, त्याच आयतीत, आईबापांशी चांगलं वागा, त्यांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका, असा हुकूम येतो (१७:२३). नवरा-बायकोमधली माया आणि दया ही अल्लाहचीच निशाणी मानली आहे (३०:२१).

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा नातू हसन यांचा मुका घेतला. शेजारी बसलेले अक़रा बिन हाबिस नावाचे गृहस्थ म्हणाले, मला दहा मुलं आहेत, मी एकाचाही कधी मुका घेतला नाही. प्रेषितांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. ज्यांनी अल्लाहवर सर्वांत जास्त प्रेम केलं, त्यांच्या घरात लहान मुलांना मांडीवर जागा होती. कोणतं प्रेम वर, हा सवाल दोन मागण्या एकाच वेळी समोर उभ्या राहिल्या आणि एकच पुरी करता येणार असली, तरच येतो. एरवी दिवसभर तो उठतही नाही.

२. हे कुराणात नेमकं कुठे सांगितलंय?

सगळ्यात स्पष्ट आयत सूरह तौबाची (९:२४). तिथे आठ गोष्टी एकेक करून मोजल्या आहेत: वडील, मुलं, भाऊ, जोडीदार, नातेवाईक, कमावलेली संपत्ती, मंदा होईल अशी धास्ती असलेला धंदा आणि आवडती घरं. हे सगळं तुम्हाला अल्लाह, त्याचे प्रेषित आणि त्याच्या मार्गात झटणं यांच्यापेक्षा जास्त प्रिय असेल, तर अल्लाहचा निर्णय येईपर्यंत वाट पाहा, असा इशारा आहे.

यादीतल्या पहिल्या पाच गोष्टींवर लोक खूप बोलतात. माझ्या मते मुंबईकराने शेवटच्या तीन परत परत वाचाव्यात. या शहरात जागेइतकं माणसाला काहीच प्रिय नसतं. अब्बांनी आयुष्यभर हप्ते भरून घेतलेली दोन खोल्यांची जागा असते. ते गेले की भाऊ म्हणतात, ‘ताईचं लग्न झालंय, तिला सासरी काय कमी आहे?’ ताईकडून कागदावर सही घेतली जाते, तीही नातं तुटू नये म्हणून गुपचूप सही करते. आता सूरह निसा उघडा (४:११). मुलीचा वाटा अल्लाहने स्वतः ठरवून दिलाय, मुलाच्या निम्मा, आणि तो तिचा हक्क आहे. तिच्यावर दबाव आणून तो सोडवून घेणारा भाऊ पाच वेळा नमाज पढत असेल, रमजानचे सगळे रोजे ठेवत असेल, तरी त्या एका सहीपुरतं त्याने घर वर ठेवलं आणि अल्लाहला खाली. आपल्या वस्तीत ही आयत सगळ्यात जास्त मोडली जाते ती इथेच, असं मला मनापासून वाटतं.

३. त्याच आयतीत ‘अल्लाहच्या मार्गात झटणं’ आहे. म्हणजे घरदार सोडून लढायला जा, असं का?

सूरह तौबाचा मोठा भाग हिजरी ९ मधल्या तबूकच्या लष्करी मोहिमेच्या काळातला आहे, त्यामुळे तो संदर्भ तिथे आहेच. पण त्यावरून कुणीही उठून आपल्या मनाने काही ठरवावं, असा अर्थ निघत नाही. एक माणूस प्रेषितांकडे मोहिमेवर जाण्याची परवानगी मागायला आला. त्यांनी विचारलं, आई-वडील जिवंत आहेत का? तो हो म्हणाला. मग त्यांच्यासाठीच झट, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं. बुखारी या संग्रहातली ही हदीस (प्रेषितांच्या वचनाची वा वागण्याची नोंद) प्रत्येक तरुणाला तोंडपाठ असावी. खरं बोलणं, हराम कमाईपासून लांब राहणं, आजारी आईची रात्रभर सेवा करणं, हेही झटणंच आहे.

४. अल्लाहवरचं प्रेम आणि प्रेषितांवरचं प्रेम यात फरक काय?

हदीस प्रसिद्ध आहे: तुमच्यापैकी कुणीही तोवर पुरता मोमिन (ईमानवाला) होत नाही, जोवर मी त्याला त्याच्या वडिलांपेक्षा, मुलांपेक्षा आणि सगळ्या लोकांपेक्षा प्रिय होत नाही. हजरत उमर (र.) एकदा मोकळेपणाने म्हणाले, तुम्ही मला माझा स्वतःचा जीव सोडून बाकी सगळ्यांपेक्षा प्रिय आहात. प्रेषित म्हणाले, नाही, स्वतःच्या जिवापेक्षाही. उमर म्हणाले, आता तसंच आहे. यावर उत्तर आलं, ‘आता, उमर!’

तरीही इबादत फक्त अल्लाहची. प्रेषितांवरचं प्रेम त्याच्याकडे नेणारं आहे. ‘तुम्ही अल्लाहवर प्रेम करत असाल तर माझ्या मागे चाला, अल्लाह तुमच्यावर प्रेम करेल’ (३:३१) यात दोन्ही प्रेमांचा संबंध सांगितलाय. प्रेषितांचं निधन झालं त्या दिवशी लोक सैरभैर झाले होते. तेव्हा हजरत अबू बक्र (र.) उभे राहून म्हणाले, जे मुहम्मदांची इबादत करत होते त्यांनी ऐकावं, मुहम्मद गेले. जे अल्लाहची करतात त्यांनी ऐकावं, अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रेषितांना जिवापाड जपलं त्याच्या तोंडून हे निघालं.

५. माझ्या बाळाला पाहून जसं मन भरून येतं तसं नमाजेत कधीच येत नाही. माझं ईमान कच्चं आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक आया असतात, आणि विचारताना घाबरलेल्या असतात. घाबरू नका.

आलिमांनी यात फार मोलाचा फरक केला आहे. एक प्रेम स्वभावात असतं. बाळ रडलं की जीव कासावीस होणं, अम्मीच्या हातच्या जेवणाची आठवण येणं, हे आपण ठरवून करत नाही आणि त्याचा हिशेबही मागितला जात नाही. दुसरं प्रेम माणूस ठरवून पत्करतो. मन ओढ घेत असतानाही अल्लाहला जे आवडतं ते निवडायचं, हे ते प्रेम. हदीसचे जुने भाष्यकार खत्ताबी यांनी स्पष्ट लिहिलंय की प्रश्न ४ मधल्या हदीसमध्ये मागणी या दुसऱ्या प्रेमाची आहे.

हजरत हंजला (र.) यांनाही हाच घोर लागला होता. ‘हंजला मुनाफिक (ढोंगी) झाला’ असं म्हणतच ते घराबाहेर पडले. त्यांचं म्हणणं असं, की प्रेषितांजवळ बसलो की जन्नत (स्वर्ग) आणि जहन्नम (नरक) जणू डोळ्यांसमोर दिसतात, आणि घरी बायकामुलांत, कामाधंद्यात गेलो की बरंचसं विसरतो. अबू बक्र (र.) म्हणाले, मलाही असंच होतं. दोघं मिळून प्रेषितांकडे गेले. त्यांनी रागावून परत पाठवलं नाही. माझ्याजवळ असताना जसे असता तसेच सतत राहिलात, तर फरिश्ते (देवदूत) तुमच्याशी रस्त्यात हात मिळवतील, असं सांगून ते म्हणाले, हंजला, कधी हे, कधी ते. इमाम मुस्लिम यांच्या हदीस-संग्रहात ही हकिकत आहे. अबू बक्रांच्या मनाला चढउतार होता, तर सकाळी ५ ला उठून डबे भरणाऱ्या आईला तो नसेल कसा? बाळाला घेऊन नमाज कशी पढायची, यासाठी प्रश्न १७ पाहा.

६. मग खरंच प्रेम आहे की नाही, ते ओळखायचं कसं?

निर्णयाच्या वेळी. गिऱ्हाईकाला मालातला दोष सांगितला तर सौदा मोडणार, हे माहीत असताना तुम्ही काय करता? लेकाच्या ॲडमिशनसाठी खोटा दाखला मिळत असेल तर घेता का? रडू येणं, अंगावर काटा येणं ही अल्लाहची देणगी आहे, मिळाली तर शुक्र करा, पण त्यावरून स्वतःला मोजू नका.

७. माझी नोकरी बीकेसीत आहे आणि मीटिंग नेमकी जुम्म्याच्या (शुक्रवारच्या सामूहिक नमाजेच्या) वेळी लागते. दर वेळी वाद घालायचा का?

वाद घालू नका, आधी बोला. जुम्म्याची वेळ दर आठवड्याला ठरलेली असते, ती आयत्या वेळी कळत नाही. वरिष्ठांना शांतपणे सांगून ठेवलं, तेवढा वेळ पुढे-मागे भरून दिला, तर बहुतेक ठिकाणी जमतं. एखाद्या मशिदीत वेळ गाठता येत नसेल तर दुसऱ्या मशिदीची वेळ वेगळी असू शकते, चौकशी करून ठेवा. एखाद्या शुक्रवारी खरंच कोंडी झाली तर जुहर (रोजची दुपारची नमाज) पढा, पण ‘जमतच नाही’ म्हणून दर आठवड्याला सोडणं ही सवय होऊ देऊ नका.

कुराणचा हुकूम दोन्ही बाजूंनी आहे आणि आपण अर्धाच ऐकतो. जुम्म्याची हाक आली की व्यवहार सोडा (६२:९). नमाज संपली की जमिनीवर पांगा आणि अल्लाहची कृपा शोधा, म्हणजे कामाला लागा (६२:१०). मोहम्मद अली रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत शुक्रवारी दुपारी हे दिसतं. शटर अर्ध्यावर येतं, दारात आडवं स्टूल पडतं, आत पोऱ्या गल्ल्याला कुलूप लावतो, समोर उभ्या गिऱ्हाईकाला ‘दोन वाजता या’ असं सांगितलं जातं. आणि नमाजेनंतर थोड्याच वेळात तोच माणूस पुन्हा कापडाचे तागे उलगडून भाव सांगत असतो. गिऱ्हाईक परत न येण्याची जोखीम त्याने पत्करलेली असते. सूरह तौबाच्या आयतीत (९:२४) ‘मंदा होईल अशी धास्ती असलेला धंदा’ म्हटलंय ते याबद्दलच.

८. आई-वडीलच दीनविरुद्ध काही सांगत असतील तर?

लुकमान सूरहमध्ये (३१:१४-१५) उत्तर आहे. आईने कष्टावर कष्ट सोसून पोटात वाढवलं हे आधी आठवायला लावलंय. मग म्हटलंय की त्यांनी शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याची उपासना) करण्यासाठी जोर लावला तर ऐकू नका, पण दुनियेत त्यांची साथ भलेपणाने करा. नकार त्या एका गोष्टीपुरता, बाकी सेवा तशीच चालू.

अब्बा म्हणाले, दुकानात काट्यात थोडं कमी द्यायचं, सगळेच करतात, तर ‘अब्बा, हे सोडून काहीही सांगा’. अम्मी म्हणाली, मुलीकडून हुंडा घ्यायचा, तर तिथेही तसंच. आवाज मात्र खालचा असावा. मशिदीत चार दिवस गेलेला मुलगा घरी येऊन आईला तिच्या साडीवरून, तिच्या जुन्या रीतीरिवाजांवरून तोडून बोलतो आणि समजतो की आपण अल्लाहचं प्रेम वर ठेवलं. तो अल्लाहचा हुकूम मोडतोय. ‘उफ्’ची आयत त्याच्यासाठीच आहे.

आई-वडील मुसलमान नसतील तरी हाच नियम. अस्मा बिन्त अबू बक्र (र.) यांची आई इस्लाममध्ये आली नव्हती. ती मदीनेला भेटायला आली तेव्हा, तिच्याशी नातं राखू का, असं अस्मांनी विचारलं. प्रेषित म्हणाले, हो, आईशी नातं राख.

९. नफल (ऐच्छिक) इबादत करताना आईने हाक मारली तर? आधी अल्लाह ना?

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत जुरैज नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. तो आपल्या मठीत नमाज पढत होता. आई आली, हाक मारली. त्याच्या मनात आलं, ‘या रब, माझी आई की माझी नमाज?’ आणि तो नमाजच पढत राहिला. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी आईच्या तोंडून शाप निघाला आणि एका बाळाचा बाप असल्याचा त्याच्यावर खोटा आळ आला. अल्लाहने त्यातून त्याला सोडवलं, त्या तान्ह्या बाळालाच बोलतं केलं, पण आईचा शब्द लागला तो लागलाच. यावरून अनेक फकीहांनी (इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी) म्हटलंय की नफल नमाज असेल आणि आईला खरंच गरज असेल तर नमाज तोडून तिला ओ द्यावी. फर्ज (सक्तीची) नमाज असेल तर थोडक्यात आटोपावी. अल्लाहने जे ऐच्छिक ठेवलं, त्याच्यासाठी त्यानेच सक्तीचं केलेलं मोडणं म्हणजे अल्लाहला वर ठेवणं होत नाही.

१०. उमराहचं (मक्केच्या छोट्या यात्रेचं) बुकिंग झालंय आणि अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. जाऊ की थांबू?

सांभाळायला दुसरं कुणी नसेल तर थांबा. हनफी मसलकात (कायद्याच्या एका परंपरेत) उमराह सुन्नत आहे, सक्तीचा नाही. आपल्याकडचे कोकणी बहुतेक शाफई मसलकाचे, त्यांच्यात ऐपत असेल तर आयुष्यात एकदा तो आवश्यक मानतात, पण पुढे ढकलायची मुभा आहे. अम्मीचा गुडघा पुढे ढकलता येत नाही. प्रश्न ३ मधली हदीस इथेही लागू होते. तिकिटाचे पैसे बुडाले तर वाईट वाटेल, साहजिक आहे. घराची चांगली सोय लागत असेल आणि अम्मी स्वतः मनापासून जा म्हणत असेल, तर गोष्ट वेगळी.

११. माझे मिस्टर रात्र-रात्र मशिदीत असतात, मधेच चाळीस दिवस जमातीत (दीनच्या प्रचारासाठी फिरणाऱ्या गटात) जातात. घरात पैसे नसतात, मुलांकडे लक्ष नाही. बोललं की म्हणतात, ‘तू मला अल्लाहपासून तोडतेस.’

तुम्ही तोडत नाही. हजरत सलमान (र.) अबू दर्दा (र.) यांच्या घरी गेले. तिथे अबू दर्दांच्या पत्नी उम्म दर्दा साध्या, विस्कटलेल्या कपड्यांत दिसल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या भावाला दुनियेतलं काही नको झालंय. अबू दर्दा दिवसा रोजा ठेवायचे, रात्रभर नमाजेत उभे राहायचे. सलमानांनी त्यांना रोजा सोडून जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. मग म्हणाले, तुमच्या रबचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या जिवाचा आहे, तुमच्या घरच्यांचा आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. प्रेषितांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा ते म्हणाले, सलमान खरं बोलले.

बायकोमुलांचा खर्च नवऱ्यावर फर्ज आहे. भाडं थकवून, रेशन न भरता, शाळेची फी न देता चाळीस दिवस निघून जाणाऱ्याने फर्ज मागे टाकून नफल उचललं आहे. सोय लावून, घरच्यांच्या राजीखुशीने गेला तर कुणाची तक्रार नाही. मिस्टरांना ही हकिकत वाचून दाखवा. ऐकत नसतील तर मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा घरातल्या मोठ्या माणसाला मध्ये घ्या, एकटीने सोसत बसू नका.

१२. अम्मी जाऊन वर्ष होत आलं, अजून रडू येतं. लोक म्हणतात, इतकं रडणं म्हणजे अल्लाहच्या मर्जीवर राजी नसणं.

लोकांना प्रेषितांच्या मुलाचं सांगा. इब्राहीम दोन वर्षांचाही नव्हता. शेवटचे श्वास चालू असताना प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना नवल वाटलं, ‘तुम्हीसुद्धा?’ ते म्हणाले, ही दया आहे. पुढे म्हणाले, डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण तोंडून आमच्या रबला आवडेल तेवढंच निघतं. हजरत याकूब यांचे डोळे यूसुफ या दुरावलेल्या मुलाच्या दुःखाने पांढरे झाले (१२:८४), आणि कुराणने त्यांना नबी (प्रेषित) म्हणायचं थांबवलं नाही. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जाऊन फातिहा पढा, अम्मीच्या नावाने कुणाला जेवू घाला, तिच्या मैत्रिणींना भेटत जा. रडू आलं तर रडा.

१३. बकरी ईदला मुलगी बकऱ्यासाठी फार रडते. तिला काय सांगायचं?

देवनारहून बकरा दोन-चार दिवस आधी येतो. मुलं त्याला नाव ठेवतात, पाला भरवतात, त्याच्या गळ्यात हिरवी फीत बांधतात, शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आधी त्याच्याकडे पळतात. ईदच्या सकाळी एखादी पोरगी आतून कडी लावून बसते. तिला ‘रडू नकोस, गुनाह आहे’ असं म्हणू नका. तिचं प्रेम खरं आहे, आणि कुर्बानीच्या गोष्टीचा गाभाही तोच आहे. पूर्वीचे प्रेषित हजरत इब्राहीम यांनी मुलाला लाडाने हाक मारून, त्याला कुर्बान करत असल्याचं स्वप्न सांगितलं आणि ‘बघ, तुझं काय म्हणणं?’ असं विचारलं (३७:१०२). पाषाणहृदयी बाप असता तर परीक्षाच कसली? आणि अल्लाहने तो मुलगा घेतला नाही, परत दिला.

मुलीला सूरह हजची आयत सांगा (२२:३७): अल्लाहपर्यंत मांस पोचत नाही, रक्त पोचत नाही, तुमचा तकवा (अल्लाहची जाण ठेवून वागणं) पोचतो. कुर्बानी पाहायची सक्ती करू नका. जनावराला त्रास देऊ नये, सुरी धारदार असावी, हा प्रेषितांचा हुकूम आहे, तो पाळला जातोय ना, हे बापाने पाहावं. संध्याकाळी मांसाच्या पिशव्या वाटायला मुलीला सोबत न्या. ज्या घरात महिनोन्‌महिने मटण शिजत नाही, त्या घरच्या बाईच्या हातात पिशवी तिलाच देऊ द्या.

१४. मी जहन्नमच्या भीतीने नमाज पढतो, प्रेमाने नाही. चालेल का?

चालेल, पण तिथेच थांबू नका. बसऱ्याच्या राबिआ अल-अदविय्या (८वं शतक) यांच्या नावावर सांगितलं जातं की जन्नतच्या लोभाने नाही आणि जहन्नमच्या भीतीनेही नाही, फक्त त्याच्यासाठी इबादत करायची त्यांची दुआ होती. फार उंच मजल आहे ती. पण कुराणने नबींचं वर्णन करताना आशा आणि भीती दोन्ही ठेवल्या आहेत (२१:९०). इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी मनाला पक्ष्याची उपमा दिली: प्रेम हे डोकं, भीती आणि आशा हे दोन पंख. तुमचा सध्या एकच पंख जोरात आहे इतकंच. प्रेम वाढवण्यासाठी प्रश्न १६ पाहा.

१५. दारूची सवय सुटत नाही. अल्लाहवर प्रेम आहे असं म्हणण्याचा मला हक्क तरी आहे का?

प्रेषितांच्या काळात अब्दुल्लाह नावाचा एक माणूस होता. तो प्रेषितांना हसवायचा. दारूसाठी त्याला पुन्हा पुन्हा शिक्षा व्हायची. एकदा कुणीतरी वैतागून त्याला शाप दिला. प्रेषित म्हणाले, त्याला शाप देऊ नका, अल्लाहची शपथ, मला माहीत आहे की तो अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितांवर प्रेम करतो. बुखारीत आहे हे. शिक्षा माफ झाली नाही आणि प्रेमही नाकारलं गेलं नाही. तौबा (पश्चात्ताप करून परत फिरणं) करत राहा, मोडली तर पुन्हा करा, आणि डॉक्टरांची मदत घ्या. उपचार घेणं हा तौबेचाच भाग समजा.

१६. हे प्रेम वाढवायचं कसं?

हदीस-ए-कुदसीत (प्रेषितांनी अल्लाहचं म्हणून सांगितलेल्या वचनात) क्रम दिलाय: बंदा फर्जांनी जवळ येतो, मग नफलांनी येत राहतो, इतका की अल्लाह त्याच्यावर प्रेम करू लागतो. म्हणून सुरुवात फर्जांपासून. इमाम गजाली (मृत्यू ११११) म्हणतात, माणूस उपकार करणाऱ्यावर आणि सुंदरावर प्रेम करतोच, आणि दोन्हींचा उगम अल्लाह आहे, तेव्हा ओळख वाढली की प्रेम वाढतं. मराठीतून का होईना, अर्थासह कुराण रोज थोडं वाचा.

आणि आवडतं द्या. ‘जे तुम्हाला प्रिय आहे त्यातून खर्च केल्याशिवाय नेकी हाती लागणार नाही’ (३:९२) ही आयत आली तेव्हा मदीनेच्या अबू तल्हा (र.) यांनी आपली सगळ्यात लाडकी बाग, बैरुहा, देऊन टाकली. ती मशिदीसमोरच होती, प्रेषित तिथलं गोड पाणी प्यायचे. प्रेषितांनी सांगितलं, ती आपल्या नातेवाइकांत वाट. देण्याचा ओघ शेवटी घरच्यांकडेच वळवला. आपण कपाटातले वापरून जुने झालेले कपडे देतो. एकदा नवा, आवडीचा देऊन बघा.

माहीमच्या मखदूम बाबांवरची श्रद्धा यात कुठे बसते, असंही बरेच जण विचारतात. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे कुराणचे अरबी भाष्यकार होते. दर्ग्याच्या रिवाजांवर मुसलमानांत मतभेद आहेत आणि ते इथे मिटणार नाहीत. सजदा (जमिनीवर डोकं टेकणं) फक्त अल्लाहला आणि देणारा तोच, यावर मात्र सगळे एक आहेत. अल्लाहसाठी म्हणून नेक माणसावर प्रेम करणं ईमानची गोडी वाढवतं, असं हदीसच सांगते. बाबांवर प्रेम असेल तर ज्या किताबात त्यांनी आयुष्य घातलं, ती उघडा.

१७. घरात एकटी असते. नमाजेत बाळ रडलं, किंवा गॅसवर काही राहिलं, तर नमाज तोडू का?

नुसतं रडत असेल तर उचलून घ्या आणि पढत राहा. प्रेषितांनी नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवली आहे. सजद्यात जाताना खाली ठेवायचे, उठताना पुन्हा घ्यायचे. मागे एखाद्या बाळाचं रडणं ऐकू आलं की त्याच्या आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून ते नमाज छोटी करायचे. लांब नमाजेच्या इराद्याने उभे राहिलेले असायचे, तरीही.

बाळ गॅलरीच्या कठड्याकडे रांगतंय, उकळत्या भांड्याला हात घालतंय, शेजारच्या आजी पडल्याचा आवाज आला, गॅसचा वास येतोय: लगेच नमाज तोडा, फर्ज असली तरी. जीव वाचवण्यासाठी नमाज तोडणं फकीहांनी आवश्यक मानलं आहे. शेजारी कुठल्या धर्माचे आहेत याने फरक पडत नाही. सगळं जागेवर आलं की पुन्हा पहिल्यापासून पढा. वेळ निघून गेली असेल तर कजा (वेळ चुकलेली नमाज भरून काढणं) पढा.